पहिल्या दहा मीटरांचा हिशेब

इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलाम्बेन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील किनारा आपल्या कोकणासारखा मऊ वाळूचा नाही. जवळच्या आगुंग ज्वालामुखीने ओकलेल्या दगडांचे काळे, गुळगुळीत गोटे तेथे दूरवर पसरलेले आहेत. त्यांच्यावरून तोल सावरत तुम्ही पाण्यात शिरलात आणि तीस-चाळीस मीटर पोहत गेलात, की तुमच्या खाली निळसर पाण्यात एका प्रचंड जहाजाची आकृती दिसू लागते. त्याची लांबी सुमारे १२५ मीटर आहे. क्रिकेटच्या सहा खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी ते थोडे उरेलच. उतारावर ते आडवे पडलेले असल्यामुळे त्याचा सर्वांत वरचा भाग पृष्ठभागापासून अवघा चार-पाच मीटर खाली आहे, तर सर्वांत खालचा सुमारे तीस मीटर खाली. तेथे जाण्यासाठी होडी लागत नाही. गावातल्या बायका हवेच्या जड टाक्या डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरून सराईतपणे चालत जातात, आणि त्यांच्यामागून पाणबुडे ठेचकाळत जातात!

बुडालेले जहाज म्हटले की आपल्याला टायटॅनिक आठवते. पण ते आहे सुमारे ३८०० मीटर खोलीवर. भक्कम पोलादी किंवा टायटॅनियमच्या गोळ्यात बसल्याशिवाय तेथे कोणी जाऊ शकत नाही. याउलट किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात बुडालेली जहाजे पुष्कळ आहेत. जहाजांना धोका असतो तो मुख्यतः खडकांचा आणि वाळूच्या दांड्यांचा, आणि या गोष्टी असतात जमिनीच्या जवळ. अशा जहाजांवर पाठीला हवेची टाकी बांधलेला माणूस सहज पोहोचतो. या ‘सहज’ शब्दाविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी असे आपण धरून चालतो. पण दाबाचे गणित मांडून पाहिले तर पाण्याचे पहिले दहा मीटर हेच सर्वांत खोडकर ठरतात. तुलाम्बेनचे जहाज नेमके त्या दहा मीटरांपासून सुरू होऊन तीस मीटरांवर संपते, म्हणून हा हिशेब आपण त्याच्याच अंगाखांद्यावर करू.

त्यापूर्वी जहाजाची थोडी हकीकत. त्याचे नाव ‘लिबर्टी’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शेकड्यांनी बांधलेली जी ‘लिबर्टी’ वर्गाची मालवाहू जहाजे होती, त्यांपैकी हे नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे तसा गैरसमज होतो खरा, पण हे जहाज त्याहून बरेच जुने, १९१८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बांधलेले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन लष्कराचा माल वाहून नेत होते. ११ जानेवारी १९४२ रोजी रबर आणि रेल्वेचे सुटे भाग घेऊन ते ऑस्ट्रेलियाकडून फिलिपीन्सकडे निघाले असता बाली आणि लोम्बोक या बेटांमधल्या सामुद्रधुनीजवळ एका जपानी पाणबुडीने त्याच्यावर पाणतीर मारला. एका अमेरिकन आणि एका डच विनाशिकेने त्याला दोर बांधून सिंगाराजा बंदराकडे ओढत नेण्यास सुरुवात केली. परंतु पाणी इतके भरू लागले की बंदर गाठणे अशक्य झाले. तेव्हा जहाज मुद्दाम तुलाम्बेनच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले. खोल समुद्रात गमावण्यापेक्षा किनाऱ्यावर चढवलेले बरे, निदान माल तरी उतरवता येतो.

मग एकवीस वर्षे ते तसेच किनाऱ्यावर पडून राहिले. उपयोगाच्या वस्तू लोकांनी काढून नेल्या. १९६३ साली आगुंगचा मोठा उद्रेक झाला. त्यात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंपाच्या हादऱ्यांनी हे जहाज किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेले आणि उतारावर स्थिरावले. म्हणजे पाणतीर लागला १९४२ मध्ये आणि जहाज बुडाले १९६३ मध्ये! युद्धाने अर्धवट सोडलेले काम ज्वालामुखीने पुरे केले.

पाण्याचे ओझे

आता पाण्यात उतरू. एक शंका तुमच्या मनात आली असेल. जहाजाचा माथा जर चार-पाच मीटरांवरच आहे, तर टाकीचे लोढणे कशाला हवे? एक लांब रबरी नळी घ्यावी, तिचे एक टोक बुचाला बांधून पाण्यावर तरंगत ठेवावे, दुसरे तोंडात धरावे आणि खुशाल खाली जावे.

हा बेत एका मीटरवरच फसतो. का ते पाहा. तुमच्या छातीचा पुढचा भाग ३० सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे असे धरा. म्हणजे क्षेत्रफळ झाले ९०० चौरस सेंटिमीटर. त्याच्यावर एक मीटर, म्हणजे १०० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा आहे. त्याचे घनफळ ९०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ९० लिटर. आणि वजन सुमारे ९० किलोग्रॅम. नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरच्या साध्या दाबाची. छातीवर एक दणकट माणूस बसवून श्वास घेण्यासारखाच हा प्रकार. पाच मीटरांवर असे पाच जण बसतील. आपले श्वासाचे स्नायू इतके बळकट नसतात.

यावर उपाय एकच. बाहेरून पाणी जितक्या दाबाने छाती दाबते, तितक्याच दाबाची हवा आतून फुप्फुसांना मिळाली पाहिजे. आणि खोली बदलेल तसा हा दाबही आपोआप बदलत गेला पाहिजे. १९४३ साली जाक-इव्ह कुस्तो हा फ्रेंच नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी मिळून हे साधले. गान्यांजवळ एक झडप होती. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई असल्यामुळे मोटारी गॅसवर चालवीत, आणि इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडण्यासाठी ती झडप त्याने बनवली होती. इंजिनाच्या जागी माणूस ठेवला की झाले!

तिची रचना समजायला सोपी आहे. पाणबुड्याच्या तोंडात जी डबी असते, तिच्या एका बाजूला रबराचा पातळ पडदा असतो. पडद्याच्या बाहेर पाणी, आत हवा. तुम्ही श्वास ओढलात की डबीतील दाब किंचित कमी होतो, बाहेरचे पाणी पडद्याला आत ढकलते, पडदा एका तरफेला दाबतो आणि हवेची झडप उघडते. आतला दाब बाहेरच्या पाण्याइतका झाला की पडदा सरळ होतो आणि झडप मिटते. म्हणजे किती दाबाची हवा द्यायची हे ठरवणारा कोणी हुशार यंत्रमानव आत बसलेला नाही. ते पाणीच ठरवते. पाच मीटरांवरचे पाणी पाच मीटरांची हवा देते, तीस मीटरांवरचे तीस मीटरांची.

या सर्व सरंजामाला ‘स्कूबा’ म्हणतात. पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले आहे. आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण वर्तमानपत्रांत ती हमखास चुकीची छापली जाते. पाठीवरच्या टाकीत ‘ऑक्सिजन’ नसतो. तुम्ही-आम्ही घेतो तीच साधी हवा, गाळून, कोरडी करून दाबून भरलेली असते. शुद्ध प्राणवायू दाबाखाली विषारी ठरतो. सुमारे सहा मीटरांच्या खाली तो घेतल्यास झटके येऊन माणूस बुडू शकतो.

पहिली पायरी सर्वांत उंच

आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे, त्याचा दाब म्हणजे १ वातावरण. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरांना आणखी तेवढाच दाब वाढतो. तेव्हा पृष्ठभागावर १, दहा मीटरांवर २, वीस मीटरांवर ३ आणि ‘लिबर्टी’च्या तळाशी, तीस मीटरांवर, ४ वातावरण. वाढ दर टप्प्याला सारखी दिसते. पण वायूंना बेरीज कळत नाही, त्यांना गुणोत्तर कळते. तापमान तेच राहिले तर दाब दुप्पट झाल्यावर वायूचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉईलचा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. आता तो लावून पाहा.

सहा लिटर हवेचा फुगा तीस मीटरांवर फुगवला आणि वर सोडला, तर वीस मीटरांवर तो आठ लिटरांचा होईल, म्हणजे दीडपटीहूनही कमी वाढेल. तोच सहा लिटरांचा फुगा दहा मीटरांवर फुगवून पृष्ठभागावर आणला, तर बारा लिटरांचा, बरोबर दुप्पट होईल. अंतर दोन्ही वेळा दहाच मीटर. वरचे दहा मीटर खालच्या दहा मीटरांपेक्षा इतके निराळे वागतात!

फुग्याच्या जागी आता फुप्फुसे घ्या. नवशिका पाणबुडा ‘लिबर्टी’च्या माथ्यावर, सहा मीटरांवर, मजेत मासे पाहत आहे. एकाएकी त्याच्या डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरते. तो घाबरतो. घाबरल्यावर पोहणारा माणूस काय करतो? छातीभर श्वास घेतो, तो रोखून धरतो आणि पृष्ठभागाकडे झेप घेतो. नेहमीच्या पोहण्यात हीच गोष्ट त्याला वाचवते. येथे तीच जीव घेऊ शकते. सहा मीटरांवर दाब आहे १.६ वातावरण, तेथे घेतलेली पाच लिटर हवा वर येईतो आठ लिटर व्हायला पाहते. फुप्फुसांत तेवढी जागा नसते. वायुकोशांच्या नाजूक भिंती फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, आणि मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी बुडबुड्याने बंद झाली तर माणूस वर आल्याबरोबर शुद्ध हरपतो. छातीभर हवा रोखून जेमतेम दीड मीटर वर आल्यानेही अशी इजा होऊ शकते. दीड मीटर म्हणजे तुमच्या उंचीपेक्षाही कमी खोली! म्हणून बुडी शिकवणारा शिक्षक पहिल्याच दिवशी, पाठ होईपर्यंत, एकच सांगतो: श्वास कधीही रोखू नका. वर येताना तोंडातून हळूहळू बुडबुडे सोडत राहा, म्हणजे वाढणारी हवा आपली वाट आपण शोधते.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, “मग मोती काढणारे लोक श्वास रोखूनच खाली जातात, त्यांची फुप्फुसे का फाटत नाहीत?” प्रश्न चांगला आहे. ते हवा घेतात पृष्ठभागावर, १ वातावरण दाबाची. खाली जाताना ती आकसते आणि वर आल्यावर पुन्हा पूर्वीइतकी होते, जास्त नाही. खाली असताना दाबाखालची हवा घेणे आणि ती घेऊन वर येणे, धोका या दोहोंच्या जोडीत आहे.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आज हौशी पर्यटक पाण्याखाली प्रवाळ पाहण्यास जातात. खोली फार नसते आणि मार्गदर्शक बरोबर असतो, त्यामुळे काही शिकण्याची गरज नाही असे पुष्कळांना वाटते. तुमच्यापैकी कोणी तेथे जाणार असेल तर वरचे गणित आठवावे. सर्दी झालेली असेल किंवा दमा असेल तर तसे आधी स्पष्ट सांगावे, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय उतरू नये. सर्दीचा संबंध कानाशी आहे. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका अरुंद नळीने घशाला जोडलेली असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो आणि दोन-तीन मीटरांतच कान ठणकू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की त्या नळीतून हवा आत जाते आणि दाब सारखा होतो. सर्दीत ही नळी सुजून बंद असते. अशा वेळी जोर करणे म्हणजे कानाचा पडदा फाडून घेणे.

गोटी सोड्याची बाटली

आपल्या हवेत जवळजवळ चार-पंचमांश नत्रवायू असतो. शरीर तो वापरत नाही, आणि जमिनीवर आपल्याला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. पाण्याखाली मात्र दाब वाढला की तो रक्तात आणि शरीराच्या इतर भागांत अधिकाधिक विरघळू लागतो. खोली जितकी जास्त आणि वेळ जितका जास्त, तितका साठा मोठा. हा साठा परत करायचा असतो तो सावकाश.

गोटी सोड्याची बाटली फोडताना तुम्ही पाहिली असेल. बंद असताना आतले पाणी नितळ दिसते. गोटी आत ढकलली की दाब एकदम उतरतो आणि सगळीकडून फसफसून बुडबुडे येतात. फार घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरात नत्रवायूचे असेच होते. बुडबुडे सांध्यांत अडकले तर असह्य वेदना होतात, मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे पडू शकतात. अशा रुग्णाला दाबाच्या बंद खोलीत ठेवून, बुडबुडे पुन्हा विरघळवून, मग तासन् तास हळूहळू दाब उतरवावा लागतो.

यासाठी मिनिटाला सुमारे नऊ मीटर यापेक्षा वेगाने वर येऊ नये, आणि शेवटी पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, असा रिवाज आहे. मोकळ्या समुद्रात ही तीन मिनिटे म्हणजे दोरीला लोंबकळत काढलेला कंटाळा. ‘लिबर्टी’वर तो प्रश्न येत नाही, कारण नेमका पाच मीटरांवर जहाजाचा माथा आहे. बुडी संपल्यावर त्याच दिवशी विमानात बसणेही टाळतात. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे ते आणखी वर येण्यासारखेच झाले.

तीस मीटरांच्या आसपास हाच नत्रवायू आणखी एक चमत्कार करतो. तो गुंगी आणतो. माणूस उगीचच खूश होतो, घड्याळ पाहतो पण वेळ ध्यानात राहत नाही. थोडे वर आले की गुंगी उतरते. सुरुवातीचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या पाणबुड्याला १८ मीटरांची मर्यादा घालतात त्यामागे हेही एक कारण आहे. त्याने ‘लिबर्टी’चा वरचा अर्धा भाग पाहावा, खालचा पुढे कधीतरी.

बाटलीतला पाणबुड्या

जहाजाच्या अंगावर न आदळता त्याच्या बाजूने तरंगत जायचे तर वजन आणि पाण्याचे वर ढकलणारे बल यांचा मेळ हवा. तो कसा बिघडतो ते घरी करून पाहा. प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली काठोकाठ पाण्याने भरा. औषधाच्या ड्रॉपरमध्ये इतके पाणी ओढा की तो पेल्यातील पाण्यात जेमतेम तरंगेल. मग तो बाटलीत सोडून झाकण घट्ट लावा आणि बाटली हातांनी दाबा. ड्रॉपर बुडतो! हात सैल केला की वर येतो. नीट पाहिल्यास दिसेल, की दाबल्यावर ड्रॉपरमधील हवेचा बुडबुडा लहान होतो, त्या जागी पाणी शिरते, आणि ड्रॉपर जड होतो.

पाणबुड्याचेही असेच. त्याच्या रबरी पोशाखात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. खाली जाताना ते दबतात आणि तो जड होत जातो. मग अंगातल्या जाकिटात टाकीतील थोडी हवा सोडून तो तोल साधतो. वर येताना जाकिटातील हवा फुगते. ती वेळीच काढून टाकली नाही तर तो बुचासारखा वर उसळेल, आणि पुन्हा तेच पहिले दहा मीटर आडवे येतील. सराव झालेला पाणबुडा बारीकसारीक तोल नुसत्या श्वासावर सांभाळतो. एक लिटर हवा जास्त घेतली की सुमारे एक किलोग्रॅम बल वर ढकलते, सोडली की तो अलगद खाली येतो.

रंग, प्रवाळ आणि गंज

खाली उतरताना रंगांचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. दहा मीटरांच्या आसपास तांबडा रंग जवळजवळ नाहीसा होतो, पुढे नारिंगी आणि पिवळाही फिके पडतात. माथ्यावर तांबडेलाल दिसणारे प्रवाळ खालच्या अंगाला मातकट-निळसर दिसते. बॅटरीचा झोत टाकला की ते क्षणात पेटल्यासारखे लाल होते. रंग तेथे होताच, फक्त त्याला परत पाठवायला तांबडा प्रकाश पोहोचत नव्हता. शिवाय पाण्यातून काचेत आणि हवेत येताना प्रकाश वळतो, त्यामुळे प्रत्येक वस्तू सुमारे सव्वापटीहून थोडी मोठी आणि जवळ भासते. परतून आलेला पाणबुडा माशाच्या लांबीविषयी सांगू लागला, तर त्यातून चतुर्थांश वजा करायला हरकत नाही.

पण येथे इतके प्रवाळ आले कोठून? तुलाम्बेनचा उतार म्हणजे काळी ज्वालामुखी वाळू आणि लाटांबरोबर गडगडणारे गोटे. प्रवाळाची अळी पाण्यातून वाहत येते आणि घट्ट, न हलणाऱ्या पृष्ठभागावर चिकटून घर बांधते. वाळूवर तिला पाय रोवता येत नाही. १९६३ साली तिला १२५ मीटर लांबीचा न हलणारा पोलादी पृष्ठभाग मिळाला. अळ्या चिकटल्या, त्यांच्यावर स्पंज आणि समुद्रपंखे वाढले, त्यांच्या आडोशाला लहान मासे आले, त्यांच्या मागून मोठे. आज तेथे चंदेरी माशांचे थवेच्या थवे फिरताना दिसतात. डोक्यावर मोठे टेंगूळ असलेले पोपटमासे रात्री जहाजाच्या आत निजतात.

हे घर कायमचे नाही. खारट पाण्यात लोखंड गंजते, पत्रे पातळ होतात, वर प्रवाळाचे ओझे वाढत राहते. खोल पाण्यातील जहाजाला लाटा जाणवत नाहीत. उथळ जहाजाला प्रत्येक वादळ हलवून जाते. पाहुण्यांचाही वाटा आहेच. पायाच्या एका फटकाऱ्याने प्रवाळाची कित्येक वर्षांची वाढ मोडते. आत शिरलेल्या पाणबुड्यांचे बुडबुडे छताखाली साचतात आणि गंजाला आयता प्राणवायू पुरवतात. ‘लिबर्टी’ जागोजाग उघडी पडलेली असल्यामुळे आत उजेड येतो. पण बंद जहाजात गाळ एकदा ढवळला की स्वतःचा हातही दिसत नाही. वाटेला दोर लावल्याशिवाय आणि योग्य शिक्षण घेतल्याशिवाय अशा जागी जाणे म्हणजे वेडेपणा आहे, मग खोली चार मीटर असो की चाळीस.

गोव्याजवळची कौले

उथळ जहाजांना आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे ‘आठवण’ म्हणून एखादी वस्तू खिशात घालणारा माणूस. त्याने काय बिघडते ते समजण्यासाठी बालीहून आपल्या गोव्याकडे येऊ. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील पुरातत्त्वज्ञांनी स्वतः पाणबुडे होऊन गोव्याजवळच्या खडकांवर शोध घेतला. सुंची नावाच्या खडकाजवळ, तीन ते सहा मीटर पाण्यात, त्यांना सतराव्या शतकाच्या सुमारास बुडालेल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. लाकडी सांगाडा उरला नव्हता. मिळाल्या त्या तोफा, चिनी भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात! पाणघोडा राहतो आफ्रिकेत, भांडी चीनची, आणि दोन्ही एकाच जागी. गोव्याचा व्यापार कोठून कोठपर्यंत पसरला होता ते या एका ढिगाने सांगितले. यातला पाणघोड्याचा दात एखाद्या हौशी पाणबुड्याने आधीच उचलून नेला असता तर त्याच्या कपाटात एक चमत्कारिक दात आला असता. समुद्रतळावरच्या कथेतून आफ्रिका मात्र पुसली गेली असती.

दुसऱ्या एका खडकाजवळ, सेंट जॉर्ज रीफ येथे, मातीची भाजलेली कौले आणि इमारतीचे नक्षीदार भाग सापडले. त्यांच्यावर बासेल मिशन टाइल वर्क्सचा छाप आणि १८६५ हे साल होते. कोकणातली जुनी घरे ज्या मंगलोरी कौलांनी शाकारलेली आहेत, त्याच घराण्यातली ही कौले. हा कारखाना मंगळुरास १८६५ साली सुरू झाला. तेव्हा हे जहाज त्यापूर्वी बुडालेले असणे शक्य नाही. त्यानंतर किती वर्षांनी बुडाले, हे मात्र छाप सांगत नाही, कारण सुरुवातीचे साल कारखाना पुढेही छापत राहू शकतो. पुरावा कोठपर्यंत नेतो आणि कोठे थांबतो, याचे हे छान उदाहरण आहे.

आता पुन्हा तुलाम्बेनला, एका गणितासाठी. अनुभवी पाणबुड्याची टाकी ११ लिटर आकारमानाची असून तीत २०० वातावरण दाबाने हवा भरली आहे, म्हणजे साध्या दाबाची २२०० लिटर. पृष्ठभागावर त्याला मिनिटाला २० लिटर हवा लागते. ४ वातावरण दाबाला चौपट, म्हणजे ८० लिटर. त्याचा बेत असा: तीस मीटरांवर १० मिनिटे, पंधरा मीटरांवर १५ मिनिटे, पाच मीटरांवर ३ मिनिटे. खर्च ८०० अधिक ७५० अधिक ९०, एकूण १६४० लिटर. शिल्लक ५६०. त्याला ११ ने भागले तर काटा ५१ वर. पन्नासच्या खाली काटा जाण्यापूर्वी वर यावे असा दंडक आहे, तेव्हा बेत ठीक दिसतो. पण यात वाटखर्च धरलेला नाही! खाली जाण्यास दोन मिनिटे धरली, तर सरासरी अडीच वातावरण दाबाला १०० लिटर लागतील. मिनिटाला नऊ मीटर वेगाने टप्प्याटप्प्याने वर येण्यास साधारण १७० लिटर. आता शिल्लक २९०, आणि काटा २६ वर. तळाशी १० ऐवजी ६ मिनिटेच थांबायचे ठरवले, तर ३२० लिटर वाचतात आणि काटा ५५ वर राहतो.